झेंड्याचं कापड: खादीपासून पॉलिएस्टरपर्यंत

३० डिसेंबर २०२१ ला ध्वजसंहितेतली एक ओळ बदलली. त्याआधी तिरंगा हाताने कातलेल्या, हाताने विणलेल्या सुती, लोकरी किंवा रेशमी खादीचाच हवा असं होतं, त्या दिवसापासून मशीनवर बनलेला आणि पॉलिएस्टरचाही चालेल असं झालं. देशात कितीतरी लोकांना हे कळलंही नाही, पण ग्वाल्हेरात कळलं, कारण नियमाप्रमाणे खादीचा तिरंगा बनवणारी ठिकाणं देशात मोजकीच, हुबळी, नांदेड आणि आमचं ग्वाल्हेर त्यातली. त्यामुळे इथल्या लष्कर नावाच्या भागातल्या मराठी घरांत झेंड्याचा विषय निघाला की गाडी कापडावर येतेच.

मागचं थोडक्यात. १९२३ चा नागपूरचा झेंडा सत्याग्रह, १९३१ मध्ये ठरलेले केशरी, पांढरा, हिरवा आणि मधला चरखा, हे सगळ्यांनी शाळेत वाचलंय. ग्वाल्हेरची गोष्ट थोडी वेगळी एवढ्यासाठी की इथे संस्थान होतं, शिंदे सरकारांचा झेंडा वेगळा, राजचिन्हात सूर्य आणि दोन नाग, आणि २८ मे १९४८ ला संस्थान ‘मध्य भारत’ या नव्या राज्यात गेलं. म्हणजे आमच्या आजी-आजोबांच्या पिढीने आपल्या डोळ्यांदेखत झेंडा बदललेला पाहिला, त्यांना तिरंगा आयता मिळाला नव्हता, आणि मला वाटतं त्याचं अप्रूप त्या पिढीला शेवटपर्यंत राहिलं ते यामुळेच.

आता मुख्य मुद्दा. २२ जुलै १९४७ ला संविधान सभेने जो ठराव केला त्यात रंग आहेत, २:३ चं प्रमाण आहे, सारनाथच्या स्तंभावरचं चक्र आहे, पण कापडाबद्दल एक शब्द नाही. पॉलिएस्टरच्या बाजूचे लोक नेमकं हेच पुढे करतात. पण त्याच ठरावात असंही लिहिलंय की मधलं निळं चक्र हे चरख्याचं प्रतीक आहे! आणि त्या दिवशी सभेत जे दोन झेंडे दाखवले गेले ते दोन्ही खादीचेच होते, एक रेशमी खादीचा, एक सुती. म्हणजे खादी लिहायची राहिली ती नको होती म्हणून नाही, झेंडा खादीशिवाय कशाचा असेल हा प्रश्नच तेव्हा कोणाच्या डोक्यात नव्हता असं मी तरी समजतो. चरखा काढून चक्र घातलं तेव्हा चरख्याचा आग्रह आयुष्यभर धरणाऱ्यांना वाईट वाटलंच होतं, तरी निदान कापड तेच राहतंय हे समाधान होतं.

१९५१ मध्ये झेंड्याचं सरकारी मानक आलं, आणि भारतीय मानकांच्या यादीत त्याचा नंबर आहे १, सिमेंट नाही, लोखंड नाही, पहिलं मानक झेंड्याचं. नऊ साइझ ठरलेत, सगळ्यात मोठा २१ बाय १४ फूट, सगळ्यात छोटा टेबलावरचा, ६ बाय ४ इंच. सूत, वीण, रंग उडतो का, सगळं तपासलं जातं. तीन पट्टे वेगवेगळे रंगवलेले, पांढऱ्यावर चक्र दोन्ही बाजूंनी, आणि अलीकडचे चोवीस आरे पलीकडच्या चोवीस आऱ्यांवर बरोबर बसायला हवेत, जरा सरकलं की उजेडात धरल्यावर चक्र दुहेरी दिसतं आणि तो तुकडा गेला. काठीकडच्या कडेला जाड खादीची पट्टी दुमडून शिवतात, तिच्यातून दोरी जाते. या कामात बायका खूप आहेत, १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीच्या आधीचे महिने त्यांच्या घरच्या कमाईचे महिने, आणि कापडाचा वाद होतो तेव्हा हे कोणी बोलत नाही.

आता दुसरी बाजू, कारण ती पण खरी आहे. आजच्या पोरांना नवल वाटेल, पण आपल्या घरावर हवं तेव्हा झेंडा लावायची मुभा सामान्य माणसाला २६ जानेवारी २००२ पर्यंत नव्हतीच, ठरलेले दिवस सोडून. त्यामागे एका उद्योजकाची लांबलेली केस आहे, त्याने आपल्या कारखान्यावर रोज तिरंगा लावला आणि अधिकाऱ्यांनी हरकत घेतली, हे झालं रायगढला (कोकणातलं रायगड नाही, हे तेव्हा आमच्या मध्य प्रदेशात होतं, आता छत्तीसगडमध्ये). १९९५ ला दिल्लीच्या हायकोर्टात तो जिंकला, जानेवारी २००४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सन्मानाने झेंडा फडकवणं हा नागरिकाचा मूलभूत हक्कच आहे. झेंडा सरकारी इमारतीवरून लोकांच्या गच्चीवर आला तो असा, आणि माझ्या मते १९४७ नंतरची झेंड्याची सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे.

पण हक्क मिळाला तरी परवडायला हवं ना. २०२२ मध्ये ऑगस्टच्या १३ ते १५ ला घरोघरी तिरंगा लावायची मोहीम निघाली, २० कोटी घरांचं टार्गेट, पोस्टात झेंडा २५ रुपयांना. एवढी खादी एवढ्या वेळात विणणं शक्यच नव्हतं आणि त्या भावात तर अजिबात नाही, हातमाग काही बटण दाबून वाढत नाही. म्हणून नियम आधीच सैल केला गेला, जुलै २०२२ मध्ये रात्रीही झेंडा ठेवायची परवानगी आली, आणि त्या ऑगस्टमध्ये लष्करातल्या गल्ल्यांत ज्या घरांवर कधी झेंडा दिसला नव्हता तिथे दिसला, ते बघून बरंच वाटलं, ते नाकारून चालणार नाही.

माझं म्हणणं एवढंच की घरासाठी स्वस्त झेंडा आणि कचेरीसाठी खादीचा असा फरक नियमातच ठेवता आला असता. कलेक्टर ऑफिस, शाळा, कोर्ट यांनी खादीचाच घ्यावा असं लिहिलं असतं तर लोकांचा हक्कही राहिला असता आणि विणणाऱ्यांचं कामही. तसं केलं नाही, सगळ्यांना एकच सवलत दिली, आणि मग खरेदीवाला स्वस्त तेच घेणार, त्याला दोष देऊन उपयोग नाही. संहितेतली नवी ओळ वाचली तर तिच्यात पॉलिएस्टर आणि खादी हे दोन शब्द एकाच यादीत बसलेत, ते मला आजही खटकतं.

आणि एक गोष्ट राहून गेलीय जिच्याकडे फार कोणाचं लक्ष नाही. फाटलेला, विटलेला झेंडा कचऱ्यात टाकायचा नाही, खाजगीत, मानाने, शक्यतो जाळून नष्ट करायचा असं संहितेत आहे. खादीचा झेंडा जळतो आणि राख होते. पॉलिएस्टर वितळतं, काळा चिकट गोळा होतो आणि वास मारतो, घरात ते कोणी करणार नाही, म्हणून मग १६ ऑगस्टनंतर ते झेंडे माळ्यावर तरी पडून राहतात नाहीतर नको तिथे सापडतात. कापड बदललं तेव्हा नष्ट कसं करायचं ती ओळ मात्र कोणी बदलली नाही.