‘गुडघे वाकव, कंबर वाचेल’ हे अर्धंच खरं

खानापूर असो, निपाणी असो की चिकोडी, हॉस्पिटलात नव्या आयाबाईला पहिला सल्ला ठरलेला: “गुडघे वाकव, पाठ ताठ ठेव, मग पेशंट कितीही जड असू दे.” वर कमरेला पट्टा.

साखरेच्या पोत्यापुरता हा सल्ला ठीक आहे. माणूस मध्येच घाबरून तुमच्या गळ्यात हात टाकतो. शिवाय तो कॉटच्या मधोमध असतो, म्हणजे गुडघे वाकवले तरी पुढे झुकावंच लागतं. (गुडघे कॉटच्या दांडीला आपटतात ते वेगळंच.) वजन अंगापासून जितकं लांब, तितका कमरेच्या मणक्यांवरचा ताण जास्त.

अमेरिकेतल्या ‘नायॉश’ या सरकारी संस्थेचे थॉमस वॉटर्स यांनी २००७ मध्ये पेशंट हाताने उचलण्याची मर्यादा मांडली: माणशी सुमारे १६ किलो, तेही सगळं अनुकूल असताना. ६० किलोच्या आजोबांना दोघींनी उचललं तरी वाट्याला ३० आलेच! पट्ट्याने निरोगी कामगाराची दुखापत टळते याला पुरेसा पुरावा नाही, हेही याच संस्थेने १९९४ मध्येच सांगितलंय.

तेव्हा उचलू नका, सरकवा. कॉट आणि स्ट्रेचर एका उंचीला आणा, ब्रेक लावा, पेशंटला कुशीवर वळवून खाली गुळगुळीत स्लाइड शीट (पेशंट सरकवायची घसरती चादर) घाला. आजोबांना पाय रोवता येत असतील, तर “आजोबा, तीन म्हटल्यावर रेटा द्या” म्हणा.