जैविक वयाचा आकडा आणि आयुष्याची लांबी

मुंबईत एका हॉटेलात भरलेल्या दीर्घायुष्यविषयक परिषदेत सर्वांत लांब रांग होती ती जैविक वय, म्हणजे जन्मतारखेऐवजी शरीराच्या झिजेवरून ठरवलेले वय, मोजून देणाऱ्या स्टॉलपुढे. बोटाला टोचून रक्ताचे काही थेंब एका जाड कागदावर घ्यायचे, तो कागद पाकिटातून प्रयोगशाळेकडे पाठवायचा आणि काही आठवड्यांनी मोबाइलवर अहवाल यायचा, अशी ती योजना. टेबलावरच्या नमुना अहवालात ‘जैविक वय ४१.६ वर्षे’ असे ठळक अक्षरांत छापलेले होते आणि त्याच्याच खाली पूरक गोळ्यांची यादी होती. शेजारच्या दालनात लोक आरामखुर्च्यांत बसून पेशींना ऊर्जा मिळवायला लागणाऱ्या एनएडी या रेणूचे सलाईन लावून घेत होते, तर आत सभागृहात उंदरांवरील प्रयोगांचे आलेख दाखवले जात होते. मी शंका घेऊनच तिथे गेलो होतो, पण शिकण्याची इच्छाही तितकीच होती. दिवसभर आत-बाहेर हिंडल्यावर माझी खात्री झाली की या क्षेत्राचा कळीचा प्रश्न त्या ठळक आकड्यापाशी येऊन थांबतो. तो आकडा खाली आला, तर माणूस खरोखरच जास्त जगतो का?

असा आकडा शोधण्यामागे शास्त्रज्ञांची खरी अडचण आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. ब्रिटिश विमागणिती बेंजामिन गॉम्पर्ट्झ यांनी १८२५ साली दाखवून दिले की प्रौढ वयात मृत्यूची शक्यता वयाबरोबर ठरावीक पटीने वाढत जाते. आजच्या हिशेबाने ती साधारणपणे दर आठ वर्षांनी दुप्पट होते. एखादा उपाय ही वाढ मंदावतो की नाही, हे चाळिशीतल्या माणसांवर थेट तपासायचे म्हटले, तर हजारो लोकांची चाळीस-पन्नास वर्षे वाट पाहावी लागेल आणि तोवर संशोधकही निवृत्त झालेले असतील. म्हणून मृत्यूची वाट न पाहता आजच मोजता येईल अशी एखादी खूण हवी असते.

ती खूण डीएनएवर सापडेल, ही आशा २०१३ साली बळावली. आपल्या डीएनएवर ठिकठिकाणी मेथिल नावाचे लहान रासायनिक गट चिकटलेले असतात आणि कोणते जनुक किती वापरले जावे, यावर त्यांचा परिणाम होतो. वय वाढते तसे काही जागी हे गट वाढतात, तर काही जागी कमी होतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतील स्टीव्ह होर्वाथ यांनी अशा ३५३ जागा निवडून एक सूत्र तयार केले. रक्त असो, यकृत असो वा मेंदू, त्यातून व्यक्तीचे वय साडेतीन-चार वर्षांच्या फरकाने सांगता येऊ लागले. हे खरोखर मोठे काम होते. पुढे वय ओळखण्याऐवजी मृत्यूची जोखीम ओळखायला शिकवलेली सूत्रे आली आणि हजारो लोकांच्या नोंदींवर पाहता, ज्यांचे असे ‘घड्याळ’, म्हणजे सूत्राने काढलेले वय, खऱ्या वयाच्या पुढे पळते ते सरासरीने लवकर दगावतात, हे दिसून आले.

पण समूहाच्या सरासरीबद्दल खरे असलेले विधान एका माणसाच्या अहवालात दशांश चिन्हासह छापले की त्याचा अर्थ बदलतो. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एकाच रक्तनमुन्याची दोनदा तपासणी केली, तेव्हा काही प्रसिद्ध सूत्रांच्या उत्तरांत नऊ वर्षांपर्यंत तफावत आली. व्यक्ती तीच, रक्त तेच, फरक केवळ मोजणीतल्या गोंधळाचा. हा गोंधळ कमी करण्याच्या गणिती युक्त्या त्याच संशोधकांनी सुचवल्या आहेत, परंतु स्टॉलवरच्या चाचणीत त्या वापरल्या आहेत का, या माझ्या प्रश्नावर तिथल्या प्रतिनिधीने माहितीपत्रक पुढे केले आणि त्यात त्याचा उल्लेख नव्हता. २०२३ सालच्या आणखी एका अभ्यासात, खुब्याचे हाड मोडून तातडीची शस्त्रक्रिया झालेल्या वृद्धांचे जैविक वय एका दिवसात वाढले आणि आठवडाभरात पुन्हा खाली आले. हे लोक आठवड्यात म्हातारे होऊन पुन्हा तरुण झाले, असे कोणी म्हणणार नाही. याचाच अर्थ असा की त्या आकड्यात शरीरावर त्या काळात आलेला ताणही मिसळलेला असतो, आणि सहा महिने गोळ्या घेऊन आकडा तीन वर्षांनी उतरला, तर तो गोळ्यांनी उतरला, मोजणीच्या चुकीने उतरला, की पहिल्या चाचणीच्या वेळी सर्दी-ताप होता म्हणून, हे एका माणसाच्या बाबतीत सांगता येत नाही.

मला सर्वांत बोलका वाटतो तो कॅलरी-चाचणीचा निकाल. कमी खाल्ल्याने उंदीर जास्त जगतात, हे १९३०च्या दशकापासून ठाऊक आहे. अमेरिकेत लठ्ठ नसलेल्या २२० निरोगी प्रौढांपैकी काहींना चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडून दोन वर्षे २५ टक्के कमी उष्मांक घ्यायला सांगितले. प्रत्यक्षात त्यांना सुमारे १२ टक्के जमले. त्यांच्या साठवलेल्या रक्तावर पुढे तीन वेगवेगळी घड्याळे लावून पाहिली. वार्धक्याचा वेग मोजणाऱ्या एका घड्याळाने दोन ते तीन टक्के घट दाखवली आणि उरलेल्या दोन घड्याळांत लक्षणीय बदल दिसला नाही. प्रयोग चोख होता, माणसे तीच होती, तरीही उत्तर कोणते घड्याळ निवडले त्यावर ठरले. या निकालाचा पहिला अर्धा भाग परिषदेत मी व्याख्यानात ऐकला; दुसऱ्या अर्ध्याचा उल्लेख मात्र प्रश्नोत्तरांत कोणी विचारल्यावरच झाला.

खूण सुधारली म्हणजे रोग हटला असे नव्हे, हा धडा वैद्यकाने फार मोठी किंमत देऊन शिकला आहे. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांच्या हृदयाचे ठोके मध्येच चुकत असतील, तर त्यांना अचानक मृत्यूचा धोका जास्त असतो, हे माहीत होते. एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड या औषधांनी ते चुकणारे ठोके छान आटोक्यात येत, म्हणून डॉक्टर ती मोठ्या प्रमाणावर देऊ लागले. अखेर अमेरिकेत तुलनात्मक चाचणी झाली आणि १९८९ साली तिचे प्राथमिक निकाल आले. औषध घेणाऱ्या ७३० जणांपैकी ५६ मरण पावले होते, तर औषधाविना असलेली तशीच दिसणारी गोळी घेणाऱ्या ७२५ जणांपैकी २२. ठोके सुधारले आणि माणसे दगावली. ताप उतरवणाऱ्या गोळीने तापमापकातला पारा खाली येतो, पण न्यूमोनिया बरा होत नाही, हे आपण घरोघरी जाणतो. इथे तर गोळीनेच घात केला. जैविक वय उतरवणारा प्रत्येक उपाय घातक आहे, असा याचा अर्थ नाही. मात्र खूण आणि परिणाम यांतला दुवा प्रत्येक उपायासाठी नव्याने सिद्ध करावा लागतो आणि तो गृहीत धरणे जिवावर बेतू शकते.

खूण बाजूला ठेवून प्रत्यक्ष आयुष्य मोजणारे कामही या क्षेत्रात चालू आहे आणि त्याविषयी मला मनापासून आदर आहे. अमेरिकी सरकारच्या निधीतून तीन प्रयोगशाळा एकच औषध, एकाच वेळी, जनुकीय वैविध्य असलेल्या उंदरांना देतात आणि शेवटचा उंदीर मरेपर्यंत नोंद ठेवतात. तिन्ही ठिकाणचे निकाल एकत्र करूनच निष्कर्ष काढायचा. या कसोटीला २००९ साली रॅपामायसिन उतरले. ईस्टर बेटावरच्या मातीतील जिवाणूपासून मिळालेले हे द्रव्य कॅनडात भारतीय वंशाचे सुरेंद्रनाथ सेहगल यांच्या गटाने वेगळे केले होते आणि मूत्रपिंड रोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबून ठेवण्यासाठी ते वापरले जात होते. साधारण माणसाच्या साठीइतक्या वयात, म्हणजे ६०० दिवसांच्या उंदरांना ते सुरू करूनही ९० टक्के उंदीर मरण पावण्याचे वय माद्यांमध्ये १४ आणि नरांमध्ये ९ टक्क्यांनी वाढले. याच कसोटीत रेड वाइनमधले म्हणून गाजलेले रेझव्हेरॅट्रॉल नापास झाले. शरीरात एनएडी वाढवणारे निकोटिनामाइड रायबोसाइडही नापास झाले, आणि शेजारच्या दालनातील सलाईनमागची कल्पना तीच होती. वयाबरोबर एनएडी कमी होते हे निरीक्षण आहे. ते भरून काढल्याने आयुष्य वाढते हा निष्कर्ष त्या निरीक्षणातून निघत नाही.

आपल्या वाचकांसाठी आणखी एक बाब महत्त्वाची आहे. वर उल्लेखलेले वार्धक्याचा वेग मोजणारे घड्याळ न्यूझीलंडमधील ड्युनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या, बहुतांशी युरोपीय वंशाच्या लोकांवरून बांधलेले आहे. एका समाजावर बेतलेले माप दुसऱ्याला लावले की काय होते, याचा उत्तम दाखला पुण्याचाच आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा उंचीच्या तुलनेतील वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३ होता. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के भरली. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्या दोघांचे छायाचित्र छापून आले आणि सडपातळ दिसणाऱ्या भारतीयांना मधुमेह का होतो, या प्रश्नाकडे जगाचे लक्ष गेले. इतक्या साध्या मापाची ही गत असेल, तर डीएनएवरील शेकडो जागांच्या सूत्राबद्दल सावध राहणे योग्यच ठरते.

मधुमेहावरून आठवण येते ती मेटफॉर्मिनची. आपल्याकडे घराघरांत घेतली जाणारी ही स्वस्त गोळी परिषदेत वार्धक्यरोधक म्हणून वारंवार चर्चेत आली. २०१४ सालच्या ब्रिटनमधील नोंदींत मेटफॉर्मिन घेणारे मधुमेही, मधुमेह नसलेल्यांपेक्षाही किंचित जास्त जगल्याचे दिसले होते. पण त्या हिशेबात ज्यांचा आजार बळावून दुसरे औषध सुरू करावे लागले, त्यांची नोंद तिथेच थांबवली होती. २०२२ साली डेन्मार्कच्या नोंदींत तो लाभ आढळला नाही. शिवाय २०१९ सालच्या एका चाचणीत, व्यायाम करणाऱ्या ६५ वर्षांवरील लोकांचे स्नायू मेटफॉर्मिनमुळे कमी वाढले. म्हणून मधुमेह नसताना ही गोळी आपल्या मनाने सुरू करू नये, असे मला स्पष्टपणे सांगावेसे वाटते.

न्यूयॉर्कचे डॉ. निर बार्झिलाय यांनी याचा निकाल लावणारी चाचणी आखली आहे: ६५ ते ७९ वयाचे सुमारे ३,००० लोक, सहा वर्षे, निम्म्यांना मेटफॉर्मिन, आणि मोजायचे ते हृदयविकार, पक्षाघात, कर्करोग, स्मृतिभ्रंश आणि मृत्यू. औषधाचे पेटंट कधीच संपले असल्याने कोणत्याही कंपनीला त्यात नफा नाही आणि ही चाचणी अनेक वर्षे निधीअभावी रखडली. ती पार पडली आणि मेटफॉर्मिन निरुपयोगी ठरले, तरीही तिच्यातून मिळणारे रक्तनमुने अमूल्य असतील, कारण ज्यांचे घड्याळ मंदावले तेच लोक पुढे कमी आजारी पडले का, हे त्या नमुन्यांवरून प्रथमच मोठ्या प्रमाणावर पडताळता येईल.