फेनिटॉइनची पातळी ‘लो’ आली म्हणजे गोळी वाढवायची, हा गैरसमज

ठाणे-नवी मुंबईतील अनेक घरांत वर्षानुवर्षे असे धरून चालतात की, रिपोर्टमध्ये फेनिटॉइन या फिटवरील औषधाच्या रक्तातील पातळीच्या आकड्यापुढे ‘लो’ छापून आले, की फिट येण्याआधी गोळी वाढवलीच पाहिजे. हा समज चुकीचा आहे आणि प्रसंगी धोक्याचाही.

प्रौढांसाठी छापलेली 10 ते 20 मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर ही मर्यादा एकूण औषधाची असते. त्यातील सुमारे 90 टक्के औषध अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटलेले असते. मेंदूपर्यंत पोहोचतो तो उरलेला मोकळा भाग. मूत्रपिंडाच्या वा यकृताच्या आजारात अल्ब्युमिन घटले, तर एकूण आकडा खाली दिसतो, पण मोकळे औषध पुरेसे असू शकते. प्रतिपिंडांवर चालणारी नेहमीची इम्युनोअसे तपासणी हा भेद करत नाही. त्यासाठी बारीक गाळणीतून प्रथिने वेगळी काढून मोकळी पातळी मोजावी लागते.

नमुन्याचेही तसेच. तो सकाळच्या गोळीआधी घ्यायचा असतो. शिवाय जेलच्या नळीत रक्त फार वेळ पडून राहिले, तर जेल थोडे औषध शोषते आणि आकडा खोटाच कमी येतो. वाशीला घेतलेला नमुना दूरच्या मुख्य लॅबमध्ये जाणार असेल, तर साध्या नळीची विचारणा जरूर करावी.

आता गोळी वाढवण्याचे. फेनिटॉइन पचवण्याची यकृताची क्षमता मर्यादित असल्याने, डोस थोडा वाढवला तरी पातळी अचानक उसळते, डोळे थरथरतात, चालताना तोल जातो. फिट थांबलेल्या रुग्णाचा आकडा 8 असला, तरी निव्वळ त्यावरून डॉक्टर सहसा डोस बदलत नाहीत.