ग्लेशियर बेच्या टोपोशीटवरची सरहद्द

आग्नेय अलास्कातल्या ग्लेशियर बेची १:६३,३६० प्रमाणाची टोपोशीट्स (जमिनीचा चढउतार दाखवणारे नकाशे) दुसऱ्या महायुद्धानंतर हवाई छायाचित्रांवरून तयार झाली. सह्याद्रीत जुनी इंचाला मैल टोपोशीट घेऊन हिंडलेल्यांना हे प्रमाण ओळखीचे आहे. वेगळेपण रंगात. जमिनीवरच्या समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, तपकिरी, बर्फावरच्या निळ्या. निळ्या रेषांचा भरवसा थोडाच. १७९४ च्या इंग्रजी मोजणीत हा उपसागर म्हणजे बर्फाच्या भिंतीपुढची जेमतेम खाच होती, आणि १८७९ पर्यंत ती भिंत चाळीस किलोमीटरहून जास्त मागे हटली होती. त्याआधी, बर्फ पुढे सरकत आला तेव्हा, इथल्या त्लिंगित या मूळ रहिवाशांच्या वस्तीला गाव सोडावे लागले होते.

खरा गुंता अलास्का आणि कॅनडा यांच्यातल्या सरहद्दीचा. तेव्हा अलास्का रशियाकडे होता आणि कॅनडा ब्रिटनकडे; १८२५ च्या रशिया-ब्रिटन करारात ती ‘किनाऱ्याला समांतर डोंगरांच्या माथ्यावरून’ जाईल असे ठरले. माथा समुद्रापासून दहा सागरी लीगपेक्षा, म्हणजे सुमारे ५५ किलोमीटरपेक्षा, लांब असेल तर किनाऱ्याच्या वळणांना धरून. करार करणाऱ्यांपुढच्या नकाशात किनाऱ्यालगत डोंगरांची नीट रांग काढलेली होती. प्रत्यक्षात रांग कसली, सगळीकडे शिखरेच शिखरे. शिवाय किनारा म्हणायचे कशाला? पुढे अलास्का अमेरिकेकडे आला. अमेरिका म्हणे, फियॉर्डच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या अरुंद खाडीच्या, आतल्या टोकापर्यंत सगळा किनाराच. कॅनडा म्हणे, रेषा फियॉर्डची तोंडे ओलांडून जावी. १८९० च्या दशकात कॅनडाच्या मोजणीदारांनी कॅमेरे डोंगरांवर चढवून, फोटोंवरून नकाशे काढले. तोवर कॅनडातल्या क्लोंडाइक भागात सोने सापडले आणि तिकडे जायच्या वाटेवरच्या, फियॉर्डच्या आतल्या बंदरांना भाव आला.

१९०३ मध्ये लंडनला लवाद बसला. तीन अमेरिकी, दोन कॅनडाचे, एक ब्रिटिश. निकाल ४ विरुद्ध २, बहुतांशी अमेरिकेच्या बाजूने. तराजू झुकवणारे मत ब्रिटिशाचे. कॅनडाच्या दोघांनी सही केली नाही आणि त्यांचा राग समजण्यासारखा होता. समांतर माथा म्हणून लवादाने ठराविक शिखरे निवडली आणि ती जोडली. टोपोशीटवरची सरहद्द म्हणूनच शिखरावरून शिखरावर सरळ उड्या मारत जाते. खाली हिमनदी आहे की दरी, याच्याशी तिला देणेघेणे नाही.

१९२५ च्या सुमारास ग्लेशियर बेच्या वरच्या टोकाची ग्रँड पॅसिफिक हिमनदी हटत हटत या रेषेपलीकडे गेली आणि समुद्राचे पाणी कॅनडाच्या हद्दीत शिरले. लवादात न मिळालेला किनारा कॅनडाला बर्फाने दिला. पण हिमनदी पुन्हा पुढे सरकली आणि १९४८ पर्यंत तो किनारा बर्फाखाली गेला.