ल्युकेमिया होतो चौथ्या वर्षी, पण सुरुवात कधीची?

लहान मुलाला ल्युकेमिया म्हणजे रक्ताचा कॅन्सर निघाला की घरचे सगळ्यात आधी मागचे दोन-चार महिने आठवायला लागतात, काय खायला दिलं, कुठला ताप आला होता, कुठलं औषध चालू होतं वगैरे. साहजिक आहे ते, पण बऱ्याच मुलांमध्ये पहिली गडबड मूल पोटात असतानाच झालेली असते, आणि त्यात आईने काही केलं किंवा करायचं राहिलं असा भागच नसतो.

रक्त बोन मॅरोमध्ये, म्हणजे हाडांच्या आतल्या मगजात बनतं हे आपल्याला माहीत असतं, पण गर्भाला सुरुवातीला बोन मॅरोच नसतो ना. आधी योक सॅक नावाच्या पिशवीत थोड्या रक्तपेशी बनतात, मग महाधमनीच्या आतल्या अस्तरातून खऱ्या स्टेम सेल्स, म्हणजे सगळ्या रक्तपेशींच्या मूळ पेशी निघतात, त्या लिव्हरमध्ये जाऊन बसतात आणि मधले बरेच महिने रक्त बनवायचं मुख्य काम लिव्हरच करतं, बोन मॅरो ते हळूहळू आपल्याकडे घेतो. या काळात पेशी भयंकर वेगाने दुप्पट होत असतात, आणि त्यातल्याच काही पुढे अँटिबॉडी बनवणाऱ्या बी पेशी होतात.

या बी पेशी एक धाडसी काम करतात. प्रत्येकीला वेगळी अँटिबॉडी बनवायची असते, म्हणून त्या स्वतःचाच डीएनए कापून तुकडे नव्याने जोडतात. कापायचं काम रॅग नावाची एन्झाइम्स करतात. रोगजंतू हजारो प्रकारचे, त्यामुळे हे लागतंच, पण डीएनएला कात्री लावायची म्हणजे कधीतरी ती भलत्या जागी लागणारच.

मुलांमधला सगळ्यात कॉमन कॅन्सर म्हणजे अॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, बहुतेक वेळा याच बी पेशींच्या कच्च्या अवस्थेतला आणि दोन ते पाच या वयात जास्त दिसणारा. त्यातल्या साधारण २० ते २५ टक्के मुलांमध्ये १२ आणि २१ नंबरच्या क्रोमोसोमचे तुकडे एकमेकांना चिकटून ईटीव्ही६-रनएक्स१ असा जोडजीन तयार झालेला असतो. दोन कागद हाताने फाडून चिकटवले तर फाटलेली कड दरवेळी वेगळी येते, तसंच इथे, जोड डीएनएच्या नेमका कुठल्या अक्षरावर बसलाय हे प्रत्येक मुलात वेगळं.

आता मजा बघा. एकसारख्या जुळ्यांमध्ये दोघांनाही ल्युकेमिया झाला आणि तपासलं तर जोड अक्षर न् अक्षर सेम निघाला, पण आईवडिलांकडून आलाय म्हणावं तर मुलांच्या बाकीच्या पेशींमध्ये तो नाहीच. मग उत्तर एकच उरतं, एका गर्भात एका पेशीत हे घडलं आणि दोघांची वार (प्लासेंटा) एकच असल्यामुळे तिची पिल्लावळ रक्तातून दुसऱ्यात गेली. १९९३ मध्ये ब्रिटनच्या मेल ग्रीव्हज यांच्या टीमने तान्ह्या जुळ्यांमध्ये हे दाखवलं, तिथे जीन वेगळा होता पण गोष्ट हीच.

जुळी नसलेल्या मुलांचं काय, तर त्यांच्यासाठी कामाला आलं एक साधं कार्ड. बऱ्याच देशांत जन्मानंतर काही दिवसांतच बाळाच्या टाचेला टोचून रक्ताचे थेंब जाड कागदावर घेतात, दुसऱ्याच आजारांच्या तपासणीसाठी, आणि काही ठिकाणी ती कार्डं वर्षानुवर्षं जपून ठेवलेली असतात. संशोधकांनी ल्युकेमिया झालेल्या मुलांची जुनी कार्डं काढली, वाळलेल्या डागाचा बारीक तुकडा कापून त्यातला डीएनए तपासला, आणि त्या मुलाचा तोच जोड तिथे आधीच हजर!

पण म्हणून घाबरून जायचं कारण नाही, आणि मला तरी हाच सगळ्यात महत्त्वाचा भाग वाटतो. २००२ च्या एका अभ्यासात नाळेच्या रक्ताच्या सुमारे १ टक्का नमुन्यांत हा जोडजीन सापडला, म्हणजे ज्यांना खरंच आजार होतो त्यांच्या जवळपास शंभर पट. नंतरच्या अभ्यासांत आकडे वरखाली झाले, तरी अशी बहुतेक मुलं ठणठणीत राहतात हे कायम आहे. आजार व्हायला जन्मानंतर आणखी बिघाड लागतो, आणि त्यातले बरेच रॅगच्या चुकीच्या कापाकापीतून होतात.

हा दुसरा धक्का कशाने बसतो? ग्रीव्हज यांचं म्हणणं असं की पहिल्या वर्षात साध्या इन्फेक्शन्सशी ओळखच झाली नाही तर पुढे एखादं साधं इन्फेक्शन इम्यून सिस्टिमला भलतीच भडकवतं. लहानपणीच पाळणाघरात गेलेल्या मुलांमध्ये धोका थोडा कमी दिसतो, आणि निर्जंतुक वातावरणात वाढवलेल्या, हा जोडजीन असलेल्या उंदरांना नेहमीच्या जंतूंमध्ये आणल्यावर त्यातल्या काहींना ल्युकेमिया झाला. पटण्यासारखं आहे, पण माणसात हे पक्कं सिद्ध झालेलं नाही, त्यामुळे कुणी यावरून मुलाला मुद्दाम आजारी पाडायला जाऊ नये.

एक वर्षाच्या आतल्या बाळांचा ल्युकेमिया मात्र वेगळा, केएमटी२ए जीनवाला. तिथे दुसऱ्या धक्क्याची फारशी गरजच पडत नाही, म्हणून वार एकच असलेल्या जुळ्यांपैकी एकाला झाला तर दुसऱ्यालाही तो होणं जवळपास ठरलेलंच असतं, आणि दुसऱ्याचं रक्त लगेच तपासावं लागतं.

आणि याच्या अगदी उलट प्रकार डाऊन सिंड्रोमच्या काही बाळांमध्ये दिसतो. पोटात असतानाच लिव्हरमधल्या पेशींत गाटा१ जीन बिघडतो, जन्मताच रक्तात ल्युकेमियासारख्या पेशी दिसतात, आणि बहुतेकांमध्ये काही आठवड्यांत किंवा महिन्यांत त्या आपोआप गायब होतात, बहुधा त्यांना पोसणारं गर्भातलं लिव्हरचं वातावरण जन्मानंतर राहत नाही म्हणून. साधारण पाचातल्या एकाला मात्र चार वर्षांच्या आत खरा ल्युकेमिया होतो, त्यामुळे पेशी गेल्या तरी रक्ततपासणी चालूच ठेवतात.