सातू मागितला, सत्तू आला

रतनगडाच्या गुहेत रात्री साडेआठला मी पुडी फोडली. दूध पावडर आणि चिरलेला गूळ घातला, पाणी ओतून कालवलं आणि पहिला घास घेतला. तो टाळूला चिकटून बसला. चव बेसनाच्या लाडवाची, पण तूप घालायला विसरलेल्या. बरोबर मूळचा गयेचा एक मुलगा होता. त्यानं पुडीचा वास घेतला आणि कपाळाला हात लावला. "ताई, ये तो सत्तू है. इसमें दूध किसने डाल दिया? प्याज काटो, नींबू है क्या?"

चूक माझीच. दुकानात घाईत "सातूचं पीठ द्या" म्हटलं, समोर आलेल्या पाकिटावर "सत्तू" छापलेलं होतं, आणि मी ते हिंदीतलं सातू समजून पिशवीत टाकलं. ट्रेकच्या सामानाच्या याद्यांमध्येही हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी लिहिलेले दिसतात.

मूळ एकच आहे. संस्कृतात सक्तू म्हणजे भाजून दळलेलं धान्य. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात, सक्तू चाळणीतून चाळावा तशी ज्ञानी लोकांनी मनानं वाणी घडवली, अशी उपमा आहे. उत्तरेत या सक्तूचा सत्तू झाला आणि तो पिठाचंच नाव राहिला. मराठीत मात्र सातू हे नाव जवाला, म्हणजे धान्याला चिकटलं, आणि पीठ हवं असेल तर "सातूचं पीठ" असं वेगळं सांगावं लागलं. नुसतं "सातू द्या" म्हणालात तर जुना वाणी जवाचे दाणे बांधून देईल. त्यात पुन्हा आपल्याकडच्या कितीतरी घरांतल्या सातूच्या पिठात सातू औषधालाही नसतो. असतात गहू आणि डाळं.

आमच्याकडची पद्धत अशी. गव्हाला पाण्याचा हात लावून तासभर झाकून ठेवायचं, कांडून कोंडा उडवायचा, वाळवायचं आणि मंद आचेवर खमंग भाजायचं. दोन वाट्या गहू असतील तर एक वाटी पंढरपुरी डाळं. सोबत थोडं जिरं, सुंठ आणि वेलदोडा घालून बारीक दळून आणायचं. पीठ बदामी रंगाचं होतं आणि डबा उघडला की आधी वेलदोडा नाकात शिरतो.

बिहारी सत्तू म्हणजे सरळ हरभरा. भडभुंज्याच्या कढईतल्या तापलेल्या वाळूत दाणे टाकले की तडतडतात, साल फुटते; ते चाळून, पाखडून दळायचे. गोड मसाला काही नाही. रंग फिका पिवळसर, आणि चिमूट जिभेवर ठेवली की फुटाणा आठवतो. पाकीट उघडं असेल तर ओळखायला एवढी चिमूट पुरते. बंद असेल तर मोठ्या अक्षरांकडे लक्ष न देता मागची घटकांची बारीक ओळ वाचावी.

दोन्ही पिठं डोंगरात चालतात, त्याचं कारण एकच: धान्य आधीच भाजलेलं असतं. कच्ची कणीक किंवा बेसन पाण्यात कालवून खाल्लं तर पोट तक्रार करणारच. इथे आचेचं काम घरी उरकलेलं असतं. हिमालयात याची किंमत जास्त कळते. 4000 मीटरवर पाणी 87 अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे पातेल्यात डाळ तासभर उकळत राहते आणि तरी दाताखाली कचकचते. कुकर नसेल तर गॅस फुकट जातो. भाजलेल्या पिठाला ही अडचणच नाही. लडाखमधला त्साम्पा पाहा: भाजलेल्या जवाचं पीठ, लोणी-मीठ घातलेल्या चहात बोटांनी मळून त्याचे गोळे खायचे. म्हणजे नावाला जागणारं सातूचं पीठ शेवटी तिकडे भेटतं!

आपला रतनगड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. वाळक्या गवतात चूल मांडणं म्हणजे वणव्याला निमंत्रण, त्यामुळे इथेही बिनआचेचं जेवण सोयीचं पडतं.

आता खाण्याकडे. सातूच्या पिठाचं मी घरीच कोरडं मिश्रण करून माणशी एक अशा पुड्या बांधते: 60 ग्रॅम पीठ, 25 ग्रॅम गुळाची पावडर, 20 ग्रॅम दूध पावडर. एका पुडीतून जवळपास 400 कॅलरी मिळतात. कपात आधी पुडी रिकामी करावी, दोन-तीन चमचे पाणी घालून लापशीसारखं घोटावं आणि मगच उरलेलं पाणी ओतावं. सगळं पाणी एकदम ओतलं की वर गाठी तरंगतात आणि आत कोरडं पीठ राहतं. मग चमच्यानं कितीही हाणा, त्या फुटत नाहीत. थंडीत पाणी कोमट करून घेतलं तर फारच छान लागतं. टाकी आटलेली असेल, पाणी मोजून प्यायचं असेल, तर घरूनच तूप-गूळ घालून लाडू वळून न्यावेत.

सत्तूचा थाट तिखटामिठाचा. चार मोठे चमचे सत्तू, मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड, बारीक चिरलेला कांदा, हिरवी मिरची, अर्धं लिंबू आणि मोठा ग्लासभर पाणी. उन्हाळ्यात कैरी मिळाली तर किसून घालावी. एप्रिलच्या दुपारी घामानं शर्टावर मिठाचे नकाशे उमटलेले असतात, तेव्हा गोड कालवण घशाखाली उतरत नाही आणि हे मात्र घटाघटा जातं. बिहारमध्ये एप्रिलच्या मध्यावर सतुआन नावाचा सणच असतो, त्या दिवशी सत्तू आणि कैरी खातात. कडक उन्हाच्या तोंडावर हा पदार्थ पानात आणणाऱ्यांना दाद द्यायला हवी. पाणी कमी घालून घट्ट मळला, वर मोहरीच्या तेलाचे चार थेंब आणि लोणचं घेतलं, की जेवणच होतं.

प्रथिनांत सत्तू पुढे आहे, 100 ग्रॅममागे 20 ग्रॅमच्या वर. गहू-डाळ्याचं सातूचं पीठ वरच्या प्रमाणात 15 च्या आसपास भरतं, दूध पावडरीनं थोडं वर जातं. तरीही उंचावरच्या मुक्कामी रात्री मी सत्तू टाळते. उंचीवर हवेचा दाब कमी होतो तशी पोटातली हवा फुगते, त्यात हरभरा आणि कच्चा कांदा. एका तंबूत चौघं झोपणार असतील तर बाकी तिघांचाही विचार करावा. रात्री आणि पहाटे सातूचं पीठ, दुपारी उन्हात सत्तू, अशी मी वाटणी करून टाकली आहे. दोन्ही पिठं पाणी ओढतात, म्हणून वरून पेलाभर पाणी प्यायचं विसरू नये, नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी पश्चात्ताप होतो.

टिकण्याच्या बाबतीत फार फरक नाही. दळून आणलं की पूर्ण गार होऊ द्यावं, कोरड्या डब्यात भरावं, दीड-दोन महिन्यांत संपवावं. पावसाळ्यात ओला चमचा घातला तर मात्र दोन्हींना बुरशी धरते.

त्या रात्री गुहेत आम्ही उरलेल्या अर्ध्या पुडीत कांदा-लिंबू कालवलं आणि दुधाचा तो प्रकार मी एकटीनं संपवला, कारण टाकायचा कुठे? पुढच्या ट्रेकला दोन डबे नेले, एकावर मार्करनं "गहू" लिहिलं, दुसऱ्यावर "चणा". दुसरा डबा गयेच्या पठ्ठ्यानं पहिल्याच दुपारी संपवला.