ताट कोरडं, झाकण ओलं

सकाळी उठून डिशवॉशर उघडला की स्टीलचं ताट खडखडीत कोरडं असतं आणि त्याच्याच शेजारी लावलेलं डब्याचं प्लास्टिकचं झाकण मात्र थेंबांनी भरलेलं, वरच्या जाळीतला चहाचा कप उचलावा तर त्याच्या बुडातल्या खळग्यात साचलेलं चमचाभर पाणी थेट खालच्या वाट्यांवर. नाशिकला जुलै-ऑगस्टमध्ये तर आमच्याकडे हे रोजचंच झालं होतं. मग नॅपकिन घेऊन एकेक भांडं पुसत बसायचं, आणि मशीन घेतलं कशाला मग, असं घरातलं कुणीतरी म्हणणारच. बहुतेक वेळा मशीनमध्ये काही बिघाड नसतो, भांडी वाळतात कशी हेच आपल्याला कुणी नीट सांगितलेलं नसतं.

आपल्याला वाटतं की आत हेअर ड्रायरसारखी गरम हवा फिरत असेल. घरगुती डिशवॉशरपैकी पुष्कळ मॉडेल्समध्ये तसलं काहीच नसतं. शेवटचं विसळणं गरम पाण्याने होतं, साधारण ६० ते ७० अंशाच्या, ते पाणी पंप बाहेर काढून टाकतो आणि मग मशीन जवळपास शांत बसतं. तिथून पुढे भांडं स्वतःच स्वतःला वाळवतं. गरम पाण्याने भांड्यात जी उष्णता भरली तीच उष्णता वापरून अंगावरचं पाणी वाफ होऊन उडतं आणि भांडं थंड होत जातं. माठात हेच होतं की, झिरपलेलं पाणी उडताना माठाची उष्णता घेऊन जातं म्हणून आतलं पाणी गार होतं, फक्त माठात आपल्याला गारवा हवा असतो आणि इथे कोरडेपणा हवा असतो.

म्हणजे प्रश्न असा की कुठल्या भांड्याकडे किती उष्णता शिल्लक आहे. हिशोब अगदी सोपा आहे, करून बघण्यासारखा आहे. त्या तापमानाला १ ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला साधारण २३५० ज्यूल लागतात. आता ३०० ग्रॅमचं स्टीलचं ताट घ्या, १ ग्रॅम स्टील १ अंशाने थंड झालं की साधारण अर्धा ज्यूल उष्णता सोडतं, ताट ६५ वरून ३५ अंशावर आलं तर ४५०० ज्यूल, म्हणजे जवळजवळ २ ग्रॅम पाणी उडवण्याची ताकद. ताटावर पातळ थर असतो तेवढ्याला हे पुरतं. आता ते झाकण. प्लास्टिक खरंतर ग्रॅममागे स्टीलच्या जवळपास चौपट उष्णता साठवतं, पण झाकणाचं वजनच २० ग्रॅम, त्यामुळे हिशोब येतो ११००-१२०० ज्यूलवर, म्हणजे अर्धा ग्रॅम पाणी, आणि रबराची रिंग बसते ना त्या खाचेतच त्याच्या कितीतरी पट पाणी साचलेलं असतं. त्यात यातली बरीच उष्णता आसपासच्या हवेत जाते ती वेगळीच. शिवाय स्टीलमधून उष्णता भराभर वाहते, म्हणजे थेंब एका जागी असला तरी आजूबाजूचं स्टील त्याला उष्णता पुरवत राहतं, प्लास्टिकमध्ये ती जिथल्या तिथे अडकते, थेंबाखालची जागा गार झाली की थेंब तसाच बसून राहतो.

आता थेंबाच्या आकाराकडे बघा, हे घरी लगेच बघता येतं. स्वच्छ काचेच्या ग्लासवर एक थेंब टाका आणि डब्याच्या झाकणावर एक. काचेवरचा पसरतो, झाकणावरचा मण्यासारखा फुगून उभा राहतो. पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट ओढून धरतात, आणि तेलकट जातीच्या प्लास्टिककडे त्यांना ओढ नसते म्हणून ते आपापसातच गोळा होतात. पाणी उडतं ते पृष्ठभागावरून, त्यामुळे तेवढंच पाणी पसरलेलं असेल तर पटकन उडतं आणि मणी होऊन बसलं तर रेंगाळतं. रिन्स एडचं, म्हणजे शेवटच्या विसळण्यात मशीन थोडं थोडं सोडतं त्या द्रवाचं, काम इथेच असतं. पुष्कळ लोक त्याला नुसतं चमक आणणारं औषध समजतात आणि संपलं की पुन्हा भरत नाहीत, मला हे फार चुकीचं वाटतं, कारण वाळण्यात त्याचा वाटा खूप मोठा आहे. साध्या पाण्याचा पृष्ठताण, म्हणजे थेंबाला गोळा करून धरणारी ही ओढ, ७२ मिलिन्यूटन प्रतिमीटरच्या आसपास असतो, रिन्स एडमधले रेणू तो निम्म्याच्याही खाली आणू शकतात, मग पाणी थेंब न धरता चादरीसारखं घसरून खाली जातं आणि उडवायला मुळात कमीच पाणी उरतं. प्लास्टिकवर फरक थोडा कमी पडतो पण पडतो. रिन्स एड किती सोडायचं याची सेटिंग मशीनवर असते, भांडी ओली राहत असतील तर एकेक पायरी वाढवून बघायची, काचेवर निळसर तेलकट पट्टे दिसायला लागले की एक पायरी मागे यायचं.

बरं, पाणी उडालं, पण ती वाफ जाते कुठे? दार तर बंद. ६० अंशाची हवा दर घनमीटरमागे जास्तीत जास्त १३० ग्रॅमच्या आसपास वाफ धरते, २५ अंशाची फक्त २३. मशीनच्या पोटात हवा साधारण दीडशे लिटर, म्हणजे फार फार तर २० ग्रॅम वाफ आणि हवा भरली. पुढची वाफ मावायची तर आधीची कुठेतरी उतरली पाहिजे, आणि ती उतरते मशीनच्या आतल्या स्टीलच्या भिंतींवर, कारण भिंती भांड्यांपेक्षा गार असतात. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो तसा भिंतींना घाम फुटतो आणि ते पाणी ओघळून खाली निघून जातं. म्हणून दार उघडल्यावर भिंती ओल्या दिसल्या तर घाबरायचं नाही, तिथेच तर पाणी यायला हवं होतं. पण रात्रभर दार बंदच राहिलं तर हळूहळू सगळंच एका तापमानाला येतं, उडणं थांबतं, आणि थंड होत जाणाऱ्या हवेतली उरलेली वाफ परत थेंब होऊन भांड्यांवर बसते.

म्हणून प्रोग्राम संपला की भांडी गरम असतानाच दार उघडायचं, यानेच आमच्याकडे सगळ्यात जास्त फरक पडला. पावसाळ्यात बाहेरची हवाच इतकी दमट, दार उघडून काय होणार असं मलाही वाटायचं, पण आकडे बघितले की पटतं. बाहेर २४ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असली तरी त्या हवेत दर घनमीटरला २० ग्रॅमच्या आत पाणी असतं. तीच हवा आत शिरून गरम भांड्यांमुळे ५० अंशाला गेली की तिची धारण करायची क्षमता ८० ग्रॅमच्या वर जाते, म्हणजे ९० टक्क्यांची दमट हवा तिथे पाव भरलेली, चांगली तहानलेली हवा होते. अट एवढीच की भांड्यांत उष्णता शिल्लक पाहिजे. सकाळी गार झाल्यावर उघडलं तर श्रावणात काही उपयोग नाही, मे महिन्यात मात्र तेव्हाही चालून जातं कारण तेव्हा नाशिकची हवा मुळातच कोरडी असते. रात्री झोपायच्या आधी संपेल असा प्रोग्राम लावायचा, आणि उघडताना तोंड बाजूला ठेवायचं कारण वाफ चांगलीच चटका देते, आणि वर प्लायवुडचं फर्निचर असेल तर पहिली वाफ त्याच्यावर न जाता बाहेर निघेल असं दार जास्त खाली घ्यायचं, नाहीतर प्लाय फुगतं.

काही महागड्या मशीनमध्ये तळाशी झिओलाइट भरलेलं असतं, आणि हे नाशिककरांनी आवर्जून वाचावं. झिओलाइट हे सूक्ष्म छिद्रांचं खनिज, पाण्याची वाफ शोषून घेतं आणि शोषताना उष्णता सोडतं. पंखा आतली दमट हवा त्यातून फिरवतो, ती कोरडी आणि जास्त गरम होऊन परत भांड्यांवर येते, आणि पुढच्या धुण्याच्या वेळी झिओलाइट तापवून त्यातलं पाणी काढून टाकतात की ते पुन्हा तयार. १७५६ साली क्रोनस्टेट नावाच्या स्वीडिश खनिजशास्त्रज्ञाने असा एक दगड तापवला तर त्यातून वाफ निघायला लागली, म्हणून त्याने ग्रीक शब्दांवरून नाव दिलं, अर्थ होतो उकळणारा दगड. मशीनमधलं झिओलाइट कारखान्यात बनवलेलं असतं, पण नैसर्गिक झिओलाइट आपल्या दख्खनच्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांमध्ये इतके सुंदर सापडतात की जगभरचे संग्राहक ते शोधत असतात. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात जाऊन बघा, पिसाऱ्यासारखे, कापसाच्या गोळ्यासारखे स्फटिक, मुलांना घेऊन गेलात तर हेच डिशवॉशरचं उदाहरण द्या, लगेच कळतं त्यांना.

बाकी राहिलं ते लावण्याचं. घाईचा अर्ध्या तासाचा प्रोग्राम असला तर त्यात बहुतेक वेळा वाळवणं नसतंच आणि शेवटचं पाणीही कमी गरम, त्यामुळे त्याच्याकडून कोरड्या भांड्यांची अपेक्षा नको. आपल्या स्टीलच्या वाट्यांचा काठ दुमडलेला असतो, त्याच्या आत पाणी लपतं, म्हणून वाट्या नुसत्या पालथ्या न घालता तिरक्या लावायच्या, कप आणि पेलेसुद्धा, म्हणजे बुडातला खळगा रिकामा होतो. बोअरचं पाणी असेल तर सॉफ्टनरचं, म्हणजे मशीनमधल्या पाण्यातले क्षार कमी करणाऱ्या भागाचं, मीठ संपू द्यायचं नाही, नाहीतर थेंब वाळला तरी क्षाराचा पांढरा ठिपका मागे राहतो आणि भांडं कोरडं असून धुतल्यासारखं वाटत नाही. प्लास्टिकची झाकणं वरच्या जाळीत, उभी, खाच खाली येईल अशी. आणि काढताना आधी खालची जाळी रिकामी करायची, मग वरची, कारण इतकं सगळं करूनही एखाद्या कपात थोडंसं पाणी उरतंच.